फरार बीच

पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन जेट्टीवरून निघालेली बोट थोड्याच वेळात रॉस बेटाला लागते. २०१८ पासून त्याचे अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. आमचा बोटवाला मात्र ‘रॉस’च म्हणत होता.

बेट चौरस किलोमीटरभरही नाही. बॅटरीवरच्या गाड्या आहेत, पण मी चालतच फिरले. मुळांनी कवटाळलेल्या भिंती आणि त्यांच्यापुढे पाट्या: चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, बेकरी, टेनिस कोर्ट. १९४१चा भूकंप आणि पुढच्या वर्षी आलेले जपानी सैन्य, यांनी गोऱ्या साहेबांचा इथला संसार मोडला.

उत्तर टोकाकडे जाताना सोबतच्या एका प्रवाशाने सांगितले, “आगे फरार बीच है.” मी थबकलेच. अनुवाद करणारीला असा शब्द आयता मिळणे म्हणजे चैनच. वहीत लिहूनही टाकले: पळालेल्यांचा किनारा.

लिहिण्याला कारण होते. मराठी वाचकाचे अंदमान बहुधा सेल्युलर जेलपासून सुरू होते, आणि ते बांधून झाले १९०६ साली. त्याआधी जवळजवळ अर्धशतक, मार्च १८५८मध्ये, जे. पी. वॉकर २०० कैदी घेऊन इथे आला. रॉसवरचे जंगल कैद्यांनीच तोडले. पलीकडच्या रानातून ब्रह्मदेश गाठता येईल अशा समजुतीने कित्येकजण पळाले. काही उपासमारीने मेले, काही अंदमानी लोकांच्या बाणांनी. जे परत हाती लागले, त्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने एकाच दिवशी फासावर चढवले.

मुक्कामी परतल्यावर नकाशा उघडला. दक्षिण अंदमानात फेरारगंज दिसले. १९२०च्या दशकातले चीफ कमिशनर एम. एल. फेरार यांच्या नावावरून पडलेले गाव. बीचवरही तेच आडनाव बसले होते. मी मात्र त्यात फारसी शब्द ऐकला होता.

वहीतले वाक्य खोडले. चुकीच्या व्युत्पत्तीवर इतिहास उभा करता येत नाही, हे मी इतरांना नेहमी सांगते. तरी हात जड झाला. साहेबांच्या बेकरीलासुद्धा पाटी आहे. पळालेल्यांच्या वाट्याला त्या दिवशी माझ्या कानांची चूक तेवढी आली होती, आणि तीही मीच काढून घेतली.

खोडलेल्या ओळीखाली मग एवढेच लिहिले: १८५८, रॉस, ऐंशीहून अधिक. यात चूक नाही.