भाजी कुणाच्या हातची?

मागच्या वेळी सांडपाण्यावर अळू-केळी कशी लावायची, ते बोललो. आज एक जुनी गोष्ट सांगते, कारण परवा आमच्याच गटात जे झालं ते मनातून जात नाही.

आमच्या एका सदस्येला कुष्ठरोग झाला होता. औषधाचा कोर्स पूर्ण झाला, ती बरी झाली. दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. गटाच्या परसबागेतल्या तिच्या वाफ्यातली मेथी तिनं बैठकीला आणली. जाताना सगळ्या जुड्या तिथंच पडून होत्या. मीही उचलली नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. 1951 साली बाबा आमटे आणि साधनाताई दोन लहान मुलांना घेऊन तिथल्या पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर राहायला गेले. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. आधी विहीर खणली, मग भाजीपाला, धान्य. बाबांचं म्हणणं होतं, माणसाला भीक नको, काम पाहिजे. पण हे काम सोपं नव्हतं हं. या रोगात हात बधिर होतात, खुरपं लागलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. तशा हातांनी त्यांनी मळा फुलवला.

खाऊन उरेल एवढी भाजी आली, पण वरोऱ्यात कुणी घेईना. 1954 साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे तरुण आनंदवनात राहिले. त्यांनी दवाखान्याच्या इमारती बांधल्या आणि तिथलंच अन्न खाल्लं. परक्या देशाची पोरं बिनघोर जेवतात, हे बघून गावातली माणसं येऊ लागली, भाजी-दूध घेऊ लागली. म्हणजे माती, पाणी, खत सगळं जमलं, तरी अडलं होतं ते खाणाऱ्यापाशी.

आपल्या कोल्हापूरला हे नवं नाही. गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना. शाहू महाराज दुकानासमोर गाडी थांबवून स्वतः चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. नुसता हुकूम काढून महाराजांना थांबता आलं असतं.

काही जणी विचारतील, रोग लागला तर? उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्ग थांबतो, आणि भाजीतून हा रोग पसरतच नाही. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं, म्हणून तर जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "ताई, आता वाफा नको मला. गाईला घालायला कशाला पिकवू?" मला उत्तर सुचलं नाही. निघताना मेथीच्या दोन जुड्या मागून घेतल्या. तिनं पैसे मोजून घेतले. वाफ्याचं अजून काही बोललेली नाही.

पुढची बैठक माझ्या घरी आहे. जेवण मेथी-भाकरीचं. तिलाही निरोप दिलाय.