एका स्फोटावरून १८० ठाणी

मंडळी, सर्व्हरच्या अलार्मशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांना हे लगेच पटेल. अलार्मची मर्यादा खाली ठेवली की रात्री तीनला फोन वाजतो आणि उठून बघावं तर काहीच नाही. वर ठेवली की खरी गडबड सकाळी ग्राहकाकडून कळते. मी या आठवड्यात तीनदा उठलो! म्हणून आज या दुखण्याची जरा मोठी गोष्ट.

१९५८ चा उन्हाळा, जिनिव्हा. अणुचाचण्यांवर बंदी घातली तर चोरून केलेला स्फोट पकडता येईल का, हे ठरवायला अमेरिका, रशिया, ब्रिटन वगैरे आठ देशांचे तज्ज्ञ जमले होते. खरी अडचण जमिनीखालच्या स्फोटाची, कारण यंत्रावर तो भूकंपासारखाच दिसतो. तज्ज्ञांनी हिशेब मांडला: जमिनीवर १६० ते १७० ठाणी, शिवाय दहाएक जहाजं. एवढं केलं तर ५ किलोटनांपर्यंतचे स्फोट ओळखता येतील. तरीही वर्षाला २० ते १०० धक्के संशयास्पद उरतील, तिथे माणसं पाठवून बघायचं.

आता गंमत बघा. जमिनीखालच्या स्फोटाचा मुख्य आधार काय, तर सप्टेंबर १९५७ मध्ये नेवाडात झालेली 'रेनियर' ही १.७ किलोटनांची एकुलती एक चाचणी. म्हणजे एका लोड टेस्टवरून पाच वर्षांचं हार्डवेअर विकत घ्यायचं!

त्याच वर्षीच्या शरदात नेवाडात आणखी स्फोट झाले आणि धक्के अंदाजापेक्षा क्षीण निघाले. साहजिकच संशयास्पद भूकंपांचा आकडा वाढला. जानेवारी १९५९ मध्ये अमेरिकेने हे टेबलावर ठेवताच रशियन भडकले. (ठरलेली रिक्वायरमेंट कोणी बदलली की आपणही भडकतोच.) त्यात अल्बर्ट लॅटर यांनी गणित मांडलं की मोठ्या पोकळीत स्फोट केला तर धक्का कितीतरी पट दबतो.

मार्च १९५९ मध्ये लॉइड बर्कनर यांच्या समितीने भूकंपशास्त्राच्या संशोधनावरच भरपूर खर्च करा असं सुचवलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा सल्ला. त्यातून 'वेला युनिफॉर्म' हा प्रकल्प निघाला, आणि १९६१ पासून जगभर सुमारे १२० ठिकाणी एकाच जातीची यंत्रं बसली. त्यातलं एक आपल्या पुण्यात! सगळीकडे तेच यंत्र, त्यामुळे नोंदी एकमेकींशी ताडता आल्या. पुढे कळलं की खोलातून येणाऱ्या लहरी सारख्याच जोराच्या असल्या तरी पृष्ठभागावरच्या लहरी भूकंपात मोठ्या असतात आणि स्फोटात लहान. त्यावरून दोघांना वेगळं करता येऊ लागलं.

पण हे सगळं उशिरा. १९६३ मध्ये अमेरिका वर्षाला ७ तपासण्या मागत होती आणि रशिया ३ द्यायला तयार होता. चार तपासण्यांवर घोडं अडलं! ऑगस्टमध्ये करार झाला तो हवा, पाणी आणि अंतराळापुरता. त्यानंतर जगात हजाराहून जास्त चाचण्या जमिनीखाली झाल्या. लॅटर यांचं गणित मिसिसिपीतल्या मिठाच्या पोकळीत खरोखर स्फोट करून तपासलं गेलं ते डिसेंबर १९६६ मध्ये. धक्का सुमारे ७० पट दबला.

१९९६ च्या सर्वंकष बंदी करारात भूकंपमापन केंद्रांचा आकडा ठरला १७०. २००६ मध्ये उत्तर कोरियाचा एक किलोटनाहूनही लहान स्फोट या जाळ्याने पकडला, तेही ते पुरतं उभं राहिलेलं नसताना. तो करार मात्र अजून लागू झालेला नाही.