विहिरीची सूट छपरावर

नारायणगावात किंवा मंचरला एखाद्या घरावर आज 3 किलोवॉटचं सोलर बसलं, की केंद्र सरकारकडून घरमालकाच्या खात्यात 78 हजार रुपये जमा होतात. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार. त्यापुढे कितीही पॅनेल लावा, रक्कम तेवढीच. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचा हा हिशेब. योजना नवी आहे. पण सरकारने थोडा महसूल सोडायचा आणि त्या बदल्यात लोकांनी पदरचा पैसा घालून काम उभं करायचं, हा व्यवहार जुन्नर-आंबेगावच्या मातीत फार जुना आहे.

शिवनेरीच्या मुलखाने तो इस्ताव्याच्या रूपात पाहिला. दुष्काळ आणि स्वाऱ्यांनी गावं ओस पडली, की रयतेला कौल देऊन परत बोलवायचं आणि पडीक जमीन लागवडीला लावायची. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे दरसाल चढता, आणि काही वर्षांनी पुरा धारा. आज सोडलेला पैसा उद्या खळ्यावरून वसूल होईल, हे त्या राज्यकर्त्यांचं साधं गणित होतं.

इंग्रजी अमलात 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून जमिनीची मोजणी सुरू केली. त्यातून आकारलेला सारा तीस वर्षांसाठी कायम होऊ लागला. पुढे 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने एक महत्त्वाची गोष्ट पक्की केली. शेतकऱ्याने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेवर फेरआकारणीत सारा वाढवायचा नाही. म्हणजे स्वतः विहीर खोदून जिराईत रान बागाईत केलं, तर त्या पाण्याचं पीक त्याचं. ज्याच्याकडे खोदायलाच पैसा नाही, त्याच्यासाठी 1883 च्या कायद्याने तगाईची, म्हणजे सरकारी कर्जाची, सोय केली. ज्याची ऐपत आहे त्याला सूट आणि ज्याची नाही त्याला रोख मदत, अशा दोन वाटा तिथेच फुटल्या. सोलरही पुढे याच दोन वाटांनी आलं.

पहिली वाट प्राप्तिकराची. 1982 मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचं खातं झालं, 1985 मध्ये राज्यात ‘महाऊर्जा’ स्थापन झाली. उद्योगांना ओढण्यासाठी वाढीव घसाऱ्याची सवलत दिली गेली. साध्या यंत्राला वर्षाला 15 टक्के घसारा मिळे, तेव्हा सौर यंत्रणेला 80 टक्के मिळत असे. 1 एप्रिल 2017 पासून तो 40 टक्क्यांवर आला. एखाद्या शीतगृहाने 10 लाखांचं सोलर बसवलं, असं धरू. 40 टक्क्यांनी पहिल्याच वर्षी 4 लाख खर्ची पडतात आणि 30 टक्के कर भरणाऱ्याचे 1 लाख 20 हजार वाचतात. साध्या यंत्रावर हेच 45 हजार वाचले असते. यंत्रणा त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली, तर मात्र पहिल्या वर्षी घसारा निम्माच. म्हणून जाणता सीए सांगतो, ‘सोलर ऑक्टोबर उजाडायच्या आत चालू करा.’

हीच सवलत पवनचक्क्यांनाही होती आणि तिची खोड त्यांनीच उघडी पाडली. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि अन्यत्र पाती उभी राहिली, पण घसारा मिळायचा तो यंत्र विकत घेतल्याबद्दल. ते वीज किती करतं, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. दुसरी खोड आपल्याकडे जास्त बोचते: करसवलत कर भरणाऱ्यालाच मिळते. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही. त्यामुळे ऊस-टोमॅटोवाल्याला 80 टक्के घसारा काय आणि 40 काय, सारखेच. नोकरदाराला घराच्या छपरावरच्या पॅनेलसाठी प्राप्तिकरात वजावट नव्हतीच. पुणे महापालिका सौर यंत्रणेसाठी मिळकतकरात सवलत देते, पण गावच्या घरपट्टीत तसं काही केलं तरी हाती किती लागणार?

म्हणून दुसरी वाट निघाली, रोख अनुदानाची. 2019 च्या ‘कुसुम’ योजनेपासून महाराष्ट्रात सौर शेतपंपासाठी सर्वसाधारण शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत 5 चा आणि त्यावर साडेसातचा.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात आणि चारही बिबट्याचे. शेताची थ्री फेज लाईट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी आणि काठी घेऊन उसात दारं धरायला जावं लागतं, आणि त्याच उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते. सौरपंप रात्री चालत नाही, ही त्याची उणीव इथे गुण ठरते. शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत 2017 मध्ये सुरू झालेली सौर कृषी वाहिनी योजनाही दिवसा वीज देण्यासाठीच आहे. इथल्या शेतकऱ्याला वाचलेल्या रुपयापेक्षा वाचलेली रात्र मोलाची आहे, आणि ती कुठल्याही घसाऱ्याच्या तक्त्यात बसत नाही.

सूट देणाऱ्याचा हात केव्हाही आखडतो. अमेरिकेत घरच्या सोलरवरची 30 टक्के करसवलत 2025 अखेर संपली. आपल्याकडे सौर साहित्यावरचा जीएसटी 2021 मध्ये 5 चा 12 टक्के झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून पुन्हा 5 वर आला. ‘सूर्यघर’ची मुदतही 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंतच आहे.

तेव्हा सोलर बसवायचं असेल, तर आधी लाईटबिल काढून त्यावरचं नाव वाचा, कारण अर्ज त्याच नावाने होतो. ते अजून वारलेल्या आजोबांचं असेल, तर पहिला अर्ज सोलरचा नव्हे, नाव बदलण्याचा करा.