बैठक पक्की हवी

तारापूर म्हटले की लोकांना अणुवीज केंद्र आठवते. त्यात त्यांची काही चूक नाही. देशातली पहिली अणुवीज १९६९ साली तिथेच तयार झाली. पण बोईसरला राहणाऱ्या आमच्या बारा वर्षांच्या नातवाला तारापूर म्हटले की आठवतो तो किल्ला आणि १७३९ सालचा जानेवारी महिना. दिवाळीच्या सुट्टीत त्याने जाहीर केले, "आजोबा, यंदा नुसता किल्ला नाही करायचा. लढाई करायची. नियमांनी!"

आमच्या लहानपणी नियम नव्हते. मातीचा किल्ला, त्यावर हळीव, आणि ओल्या मातीत घोट्यापर्यंत रुतवलेले मावळे. तो मावळा पाडवा उलटला तरी जागचा हलत नसे. लढाईत मात्र शिपायाला चालावे लागते, आणि चालायचे म्हणजे पायाखाली स्वतःची बैठक हवी. इथून आमचे हाल सुरू झाले.

नियम नातवाने वेल्स साहेबाचे घेतले. काळातून मागे-पुढे नेणाऱ्या यंत्राची कादंबरी लिहिणारा हाच गृहस्थ १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे पुस्तकही लिहून गेला. स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून लाकडाची काडी मारायची; शिपाई आडवा झाला की मेला. इतका सरळ न्याय कुठल्या कोर्टातही मिळायचा नाही.

डायनिंग टेबलावर फौजा उभ्या राहिल्या. मी उकडते म्हणून पंखा लावला आणि तोफ भरायच्या आत अर्धे मराठे धारातीर्थी पडले.

"आजोबा, तुम्ही फिरंग्यांना सामील आहात का?"

मग संशोधन सुरू झाले. प्रथम जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. त्यावर एका बाजूने हिरवा कागद डकवला, तर सकाळी प्रत्येक मावळा होडीत बसल्यासारखा डुलत होता. डिंक वाळताना कागद आकसतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. कागद दोन्ही अंगांनी डकवावा लागतो, हे ज्ञान चाळीस मावळे डकवून झाल्यावर झाले. नंतर प्लायवूड. ते वाकले नाही, पण वजनाला हलके. शेवटी लोखंडी वायसर आणले. औद्योगिक वसाहतीच्या गावात वायसरला काय तोटा? प्रत्येक प्लायवूडखाली एक वायसर चिकटवला आणि वर रंगाचा हात दिला, कारण आमच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही.

पंखा हरला. पण आता तोफही हरली! काडी लागायची, मावळा नुसता थरारायचा आणि पुन्हा उभा. चिमाजी अप्पांची फौज अमर झाली. बरे, बैठक रुंद करावी तर आणखीच पंचाईत. तारापूरला मराठ्यांनी सुरुंग उडवून तट फोडला आणि आत घुसले. आमच्या खिंडारात रुंद बैठकीचे जेमतेम तीन मावळे मावत. तिघांनी कुठे किल्ला घेतला आहे?

प्रशियाचे अधिकारी ह्या बाबतीत शहाणे. १८२४ च्या सुमाराला राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने नकाशावरचा युद्धखेळ मांडला, त्यात माणसे नव्हतीच. फौजांच्या जागी नुसते ठोकळे. ठोकळा पडतही नाही आणि मरताना कोणाकडे बघतही नाही.

अखेर बैठक लहान केली, वायसरही लहान घेतले आणि लढाई रीतसर झाली. खिंडार पडले, मराठे आत शिरले. फक्त बाजी भिवराव रेठरेकर काही केल्या पडेनात. काडी छातीवर बसली तरी हूं नाही की चूं नाही. मला संशय आला. उचलून पाहिले तर खाली दोन वायसर!

"ही लबाडी झाली," मी म्हणालो.

"आजोबा, बाजी भिवराव तारापूरलाच गेले ना? गोळी लागून?"

"हो. किल्ला मिळाला, पण ते गेले. मग मे महिन्यात वसई पडली, तीही त्यांना पाहायला मिळाली नाही."

"म्हणूनच दोन लावले," तो खाली बघत म्हणाला.

इतिहासात खाडाखोड करू नये, ह्या विषयावर माझे एक चांगले पंधरा मिनिटांचे भाषण तयार असते. तोंडही उघडले होते. पण पोराचा चेहरा पाहिला, आणि मुकाट्याने खिशातला तिसरा वायसर काढून त्याच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी टेबल पुसताना हिने विचारले, "अहो, सगळे डब्यात गेले, हा एकटाच का उभा?"

"राहू दे," मी म्हणालो. "त्याची वसई बघायची राहिली आहे."