केबिनमधला चहाडखोर

माणसाने ज्या दिवशी घड्याळ शोधून काढलं, त्याच दिवशी त्या घड्याळाशेजारी एक हेडक्लार्क येऊन उभा राहिला असावा, अशी माझी समजूत आहे. निदान मी ज्या कचेरीत चौतीस वर्षं खर्डेघाशी केली, तिथे तरी वेळ सूर्यावरून ठरत नसे. मस्टर साहेबांच्या टेबलावर गेलं की सव्वादहा वाजत, मग सूर्य कुठे का असेना. त्यामुळे ट्रक ड्रायव्हर मंडळींबद्दल मला पहिल्यापासून असूया. समोर मोकळा रस्ता, मागे दहा टन माल आणि साहेब दोनशे मैलांवर! पुढे वाचनात आलं की या सुखालाही केव्हाच नजर लागलेली आहे, आणि ती लिंबू-मिरचीने उतरण्यातली नाही.

त्या नजरेचं पाळण्यातलं नाव टॅकोग्राफ. टॅकोग्राफ म्हणजे स्पीडोमीटरच्या पोटात बसवलेला कारकून. मेणाचा थर दिलेली एक गोल कागदी चकती, चोवीस तासांत तिचा एक फेरा, आणि तिच्यावर रेघोट्या ओढणाऱ्या तीन सुया. एक वेग लिहिते, दुसरी अंतर लिहिते आणि तिसरी ड्रायव्हर कामावर आहे की आडवा झालाय ते लिहिते. संध्याकाळी चकती बाहेर काढली की त्या दिवसाची कुंडली हातात. जर्मनीत हे यंत्र १९५० च्या दशकातच सक्तीचं झालं. १९७० साली युरोपीय समुदायाने ते सगळ्या सभासद देशांना लागू केलं, आणि १९७३ मध्ये ब्रिटन त्या घरात नांदायला आला. सासरी आल्यावर सासरच्या रीती आल्याच. पण ही सून काही साधीसुधी नव्हती.

ब्रिटिश लॉरी ड्रायव्हरांनी यंत्र पाहिलं आणि त्याचं बारसं केलं, ‘स्पाय इन द कॅब’. केबिनमधला हेर. आपल्याकडे ‘चहाडखोर’ म्हणाले असते, आणि मला वाटतं तेच जास्त बरोबर आहे. हेर निदान शत्रूच्या गोटातला असतो. चहाडखोर आपल्याच ताटात जेवतो.

त्याआधी कामाचे तास ड्रायव्हर आपल्या हाताने वहीत लिहीत. अशा वह्यांना अमेरिकेतले ड्रायव्हर ‘कॉमिक बुक’ म्हणत, यावरून त्यातल्या मजकुराची कल्पना यावी. वहीतला ड्रायव्हर हा एक आदर्श पुरुष असे. तो वेळेवर जेवी, पोटभर झोपे आणि कधीही घाईत नसे. प्रत्यक्षातला ड्रायव्हर मात्र डोळ्यांत पाणी मारून पहाट गाठत असे. याला लबाडी म्हणायची तर म्हणा. पण अमेरिकेत मजुरी मैलांवर आणि ब्रिटनमध्ये पगार तुटपुंजा, म्हणून भिस्त ओव्हरटाइमवर. वही खरी लिहिली असती तर चूल खोटी पेटली असती.

ब्रिटनच्या सरकारने या बाबतीत जो पवित्रा घेतला तो मला फार हृद्य वाटतो. सरकारने काहीच केलं नाही. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं, तेव्हा सरकारी बचावाचा सारांश असा, की यंत्र सक्तीचं केलं तर आमच्याकडची ड्रायव्हर मंडळी आणि त्यांच्या युनियन रागावतील, संप होतील. अहो, एखाद्या संसारी माणसाने कोर्टात उभं राहून ‘घरी विचारून सांगतो’ म्हणावं तसं हे झालं! आणि भीती काही खोटी नव्हती. १९७९ च्या जानेवारीतच तिथल्या लॉरी ड्रायव्हरांनी पगारासाठी असा संप केला होता की ऐन थंडीत देशाची गाडी रुतली. पण न्यायमूर्तींना घरच्या अडचणी सांगून उपयोग नसतो. ७ फेब्रुवारी १९७९ ला निकाल ब्रिटनच्या विरुद्ध लागला आणि १९८१ अखेर चहाडखोर केबिनमध्ये कायमचा राहायला आला.

मग सुरू झाला मानवी प्रतिभेचा खेळ. कुणी सुई वाकवली, कुणी फ्यूज काढला. २००६ पासून नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, तर त्याच्या सेन्सरला लोहचुंबक चिकटवला. यंत्राला वाटे गाडी उभी आहे. म्हणजे गाडी ताशी नव्वद किलोमीटरने धावतेय आणि कागदोपत्री ड्रायव्हर गाढ झोपलाय! आता इथे हसू येतं खरं, पण तो खरोखरच झोपला तर समोरून येणाऱ्या मोटारीत तुम्ही-आम्हीच असतो. यंत्र उगाच आलं नव्हतं.

गंमत पुढेच आहे. काही वर्षांनी ड्रायव्हरांच्या लक्षात आलं की हा चहाडखोर दोन्हीकडे चहाडी करतो. मालक म्हणाला, ‘अजून एक खेप मार,’ तर चकतीकडे बोट दाखवायचं. ‘तास भरले.’ चकतीवर नाव ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने घालायचं, चकत्या जवळ बाळगायच्या, वाटेत सरकारी तपासनीसाने मागितल्या तर दाखवायच्या. साक्ष सगळ्यांसमोर होती. ज्याच्या नावाने खडे फोडले, तोच संध्याकाळी घरी सोडणारा निघाला.

अमेरिकेत १८ डिसेंबर २०१७ पासून वहीची जागा यंत्राने घेतली. नियम असा, की कामाला लागल्यापासून चौदा तासांच्या आत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवायची. यंत्र निमूटपणे मोजत राहतं. मात्र गोदामवाल्याने माल उतरवायला पाच तास ताटकळत ठेवलं, तर ते तासही सहसा त्याच चौदातून जातात आणि मजुरी मैलांची, म्हणजे उभ्या गाडीला बहुधा फारसं काही नाही. नंतरच्या एका अभ्यासात दिसलं की तासांचे नियम अधिक पाळले गेले, अपघात मात्र घटले नाहीत, आणि छोट्या कंपन्यांच्या गाड्या वेगमर्यादा जास्त मोडू लागल्या. हरवलेला वेळ माणूस कुठून तरी भरून काढणारच.

आणि आता कॅमेरा. रस्त्याकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याला ड्रायव्हर फारशी नावं ठेवत नाहीत. अपघातात चूक समोरच्याची होती हे तो सिद्ध करतो. वांधा आहे तो तोंडाकडे बघणाऱ्याचा. २०२३ साली अमेरिकेतल्या एका वाहतूक-संशोधन संस्थेने, असा कॅमेरा असलेल्या ड्रायव्हरांनाच त्याला दहापैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी पडली २.२४. आमच्या शाळेत इतक्या गुणांवर ग्रेस मार्कांचाही विचार होत नसे. बायका ड्रायव्हरांनी तर त्याहून कमी दिले, आणि का ते सांगायला नको. लांबच्या पल्ल्याची गाडी म्हणजे त्यांचं घर. कपडे तिथेच बदलायचे, निजायचं तिथेच. चकती फक्त चाकांबद्दल बोलत होती. हा चेहऱ्याबद्दल बोलतो. शिवाय चित्र बघतो कोण, तर कंपनी. आरशात पाहिलं तरी ‘लक्ष विचलित’ असा शेरा पडतो, अशी तिथल्या पार्सल पोचवणाऱ्या व्हॅनचालकांची तक्रार आहे.

आपल्याकडे १९६१ सालच्या कायद्यात वाहतूक कामगाराला दिवसाचे आठ तास लिहिलेले होते. कुठल्या ढाब्यावर ते मोजले गेले, हे मला माहीत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ही त्यातल्या त्यात थंड बातमी.

मागे खोपोलीजवळ एका टपरीवर बंदरातून माल घेऊन निघालेला एक ड्रायव्हर भेटला. त्याच्या काचेवर असलाच एक डबा होता, शेजारी काळी बाहुली.

‘‘जांभई दिली की बोंबलतो, काका,’’ तो म्हणाला. ‘‘काल गेटाबाहेर लायनीत चौदा तास उभा होतो, तेव्हा याला कंठ नाही फुटला.’’

‘‘मग जांभई आली की काय करता?’’

‘‘तोंड मिटून देतो.’’ आणि त्याने ती देऊन दाखवली. डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ जागचे हलले नाहीत. इतक्यात खिशातला फोन वाजला. मालक विचारत होता, गाडी वीस मिनिटं एकाच जागी का दिसतेय?

‘‘निघालोच, शेठ,’’ तो म्हणाला, आणि अर्धा चहा कपात तसाच ठेवून उठला.