तुर्काच्या पायात चिंध्या होत्या

आमच्या साताऱ्याकडे पहिल्या महायुद्धाला ‘जर्मनची लढाई’ म्हणत. आजीचे मामंजी, म्हणजे माझे पणजोबा, त्या लढाईत होते. पण त्यांच्यासमोर जर्मन नव्हते, तुर्क होते. पणजोबा ११० व्या मराठा पलटणीतले. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर ते मेसोपोटेमियात उतरले.

बगदाद घ्यायला निघालेली ही फौज नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनहून मागे फिरली आणि टायग्रिसच्या वळणावरच्या कुट गावात कोंडली गेली. जवळजवळ पाच महिने वेढा पडला. सोडवायला आलेल्या फौजा चिखलात आणि तुर्की खंदकांपुढे अडून राहिल्या.

आजीच्या गोष्टीत तोफा कमी, भूकच जास्त. घोडे, खेचरं कापून खायची वेळ आली. गोऱ्यांनी खाल्लं, आपल्यातले बहुतेक कितीतरी दिवस शिवले नाहीत. गावाला कळलं तर वाळीत पडू, ही धास्ती. हिरड्या सुजून रक्त यायला लागलं. अखेर एप्रिलमध्ये पुष्कळांनी घास गिळला. “मामंजींनी खाल्लं का, ते कुणी इचारलंच न्हाई,” आजी म्हणायची. “माणूस परत आलं, त्यातच सारं आलं.”

२९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंड शरण गेला आणि सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. जनरलसाहेब मार्माराच्या समुद्रातल्या बेटावर आरामात राहिला. शिपायांना उन्हातून पायी हाकललं, पुढे अमानुस डोंगरात रेल्वेच्या बोगद्यांवर राबवलं. हजारो मेले. वाटेत पहाऱ्यावरच्या एका तुर्काने पणजोबांचे बूट काढून घेतले. “त्येच्या पायात चिंध्या व्हत्या,” एवढंच ते सांगत, आणि त्यात राग नसे. टाउनशेंडचं नाव निघालं की मात्र उठून जात. मला त्यांचा हा न्याय अगदी बरोबर वाटतो.

त्यांचा धाकटा भाऊ त्या वाटेवरच राहिला. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांसाठी फक्त पलटणीचं नाव आणि मेलेल्यांचा आकडा. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली. माफीवर आमचं भागत नाही. त्या आकड्यात आमच्या घरातला एक माणूस आहे. त्याचं नाव कोरा.