घरून काम: पापडाच्या पिठापासून विरार लोकलपर्यंत

मी चंदनसारला संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेतो. मुलाखतीत हल्ली एक विषय हमखास येतो, ‘वर्क फ्रॉम होम’चे फायदे-तोटे. पुस्तकातला पहिला मुद्दा, ‘इट सेव्हज टाइम’. पोरं पाठ करतात, आणि समोरच्याने ‘हाऊ?’ विचारलं की गप्प. नोकरी तिथेच हुकते. म्हणून मी आधी इतिहास सांगतो, तोही मराठीत.

१२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेला पहिली लोकल सुटली. दिवसाला जायला एक, यायला एक! १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली. घर इथे आणि काम साठ किलोमीटरवर चर्चगेटला, हे जगणं या रुळांमुळे शक्य झालं. दारात लटकणंही त्यातलंच.

घरून काम मात्र लॅपटॉपबरोबर आलेलं नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातून लिज्जत उभं राहिलं. पुढे रीत बसली ती अशी: केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचं आणि लाटणावळ घ्यायची. गाडीची धक्काबुक्की नाही, मुलं डोळ्यासमोर. पण वाळवायची जागा घरचीच, आणि मध्येच उठून कुकर लावायचा तो वेगळाच. अमेरिकेत जॅक निल्स यांनी ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द काढला १९७३ मध्ये. आपल्या बायका चौदा वर्षं पुढे होत्या की!

मग मार्च २०२०. लोकल थांबल्या. जूनमध्ये सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. बाकीच्यांना ठरावीक वेळात का होईना, मुभा मिळाली १ फेब्रुवारी २०२१ ला. ज्याचं काम कॉम्प्युटरवर, तो घरून करत राहिला. दुकानातल्या सेल्समनचं काम घरी कसं येणार? माझ्या मते हा मुद्दा पुस्तकातल्या सगळ्या मुद्द्यांहून मोठा आहे.

एवढं झालं की मी इंग्रजीवर येतो. ‘ऑन द अदर हँड’ तेव्हाच शिकवतो, आधी नाही. परवा एक मुलगी उभी राहिली: ‘आय सेव्ह फोर अवर्स. ऑन द अदर हँड, वुई हॅव वन रूम. माय फादर कम्स फ्रॉम नाइट शिफ्ट. व्हेअर ही विल स्लीप?’

शेवटच्या वाक्याचं व्याकरण आम्ही नंतर बघितलं. तिची मुलाखत सोमवारी आहे.